यंत्राची किंमत आणि पानाची किंमत

(शाळा, दुकाने, कार्यालये आणि काही घरांतूनही आता प्रिंटर दिसतो. काळ्या रंगात छापणारा लेझर प्रिंटर कसा चालतो, तो विकत घेताना काय पाहावे आणि स्वस्त वस्तू कधी कधी महाग कशी पडते, हे लेखकाने या पाठात आपल्या शाळेच्या अनुभवावरून सांगितले आहे.)

जून महिना होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती. दहावी उत्तीर्ण झालेली मुले-मुली दाखले नेण्यासाठी आमच्या कार्यालयासमोर उभी होती. आत लिपिक साहेबांनी संगणक सुरू केला, पण प्रिंटर काही केल्या नीट छापेना. कागद बाहेर येई, पण त्यावर अर्धी अक्षरे दिसत आणि मध्येच पांढरे पट्टे उमटत.

आमचा प्रिंटर शाईवर चालणारा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो महिनाभर बंद पडून होता. इंदापूरचा उन्हाळा तुम्हांला माहीत आहेच. त्या उष्णतेत प्रिंटरच्या बारीक छिद्रांतील शाई वाळून घट्ट झाली होती. छिद्रे साफ करण्यातच उरलेली बरीचशी शाई संपली. दुपारपर्यंत खटपट करून आम्ही कसेबसे दाखले छापले.

त्यांतील एक दाखला घेऊन एक मुलगी घरी निघाली. वाटेत पावसाची सर आली. पिशवीत पाणी गेले आणि दाखल्यावरची अक्षरे पसरली. जन्मतारखेचा आकडा तर वाचताच येईना. अकरावीच्या प्रवेशासाठी तो दाखला कोण स्वीकारणार? दुसऱ्या दिवशी तिचे वडील नवा दाखला नेण्यासाठी शाळेत आले. ते मजुरीचे काम करीत. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडाली.

दोष त्या मुलीचा नव्हता आणि पावसाचाही नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो प्रिंटर मीच पसंत केला होता. दुकानात सर्वांत स्वस्त तोच होता आणि मी तेवढेच पाहिले होते.

नवा प्रिंटर घ्यायचे ठरले, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "सर, या वेळी किंमत शेवटी विचारा. आधी आपल्याला काय छापायचे आहे आणि किती छापायचे आहे, ते लिहून काढा."

मी एक वही केली. महिनाभर जे जे पान छापले जाईल, त्याची नोंद त्या वहीत ठेवायची, असे ठरले. दाखले, बोनाफाईड प्रमाणपत्रे, चाचणीच्या प्रश्नपत्रिका, शिक्षण विभागाला पाठवायची पत्रे, पालकांसाठी सूचना असे सर्व काही त्यात आले. दहावी-बारावीच्या परीक्षेची प्रवेशपत्रेही हल्ली मंडळाच्या संकेतस्थळावरून शाळेनेच छापून द्यायची असतात. त्यांवर मुख्याध्यापकांची सही व शिक्का लागतो. या छपाईसाठी विद्यार्थ्यांकडून वेगळे पैसे घेऊ नयेत, अशी मंडळाची सूचना असते. म्हणजे तो खर्च शाळेलाच करावा लागतो.

महिनाअखेरीस वही पाहिली. सुमारे हजार पाने झाली होती. रंगीत पान त्यात एकही नव्हते. तेव्हा लक्षात आले, की आम्हांला रंगीत प्रिंटरची गरजच नाही. काळ्या अक्षरांत स्वच्छ छापणारा, सुट्टीनंतर न अडणारा आणि पाण्याने अक्षरे न पसरवणारा प्रिंटर हवा. अशा प्रिंटरला एकरंगी लेझर प्रिंटर म्हणतात.

लेझर प्रिंटरमध्ये ओली शाई नसते, म्हणून ती वाळण्याचा प्रश्नच येत नाही. मग तो छापतो कशाने? हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा जोराने आठ-दहा वेळा फिरवा आणि तो कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडून कंगव्याला चिकटतील. घासल्यामुळे कंगव्यावर विजेचा भार जमा होतो आणि तो हलक्या वस्तूंना ओढतो. या विजेला स्थिर विद्युत म्हणतात. लेझर प्रिंटर याच विजेवर काम करतो.

प्रिंटरच्या आत एक गुळगुळीत नळकांडे असते. त्याला ड्रम म्हणतात. प्रथम या ड्रमवर सगळीकडे विजेचा भार दिला जातो. मग लेझर प्रकाशाचा बारीक किरण फिरत्या आरशावरून ड्रमवर पडतो. संगणकाकडून आलेली अक्षरे हा किरण ड्रमवर जणू लिहीत जातो. जिथे प्रकाश पडतो, तिथला भार कमी होतो. नेमक्या त्याच जागी काळी पूड येऊन चिकटते. या पुडीला टोनर म्हणतात. ती प्लॅस्टिक आणि काजळीसारख्या कार्बनची अतिशय बारीक पूड असते. नंतर कागद ड्रमखालून जातो. कागदाच्या मागून दिलेल्या विजेच्या भारामुळे पूड ड्रम सोडून कागदावर येते. शेवटी दोन रुळांमधून कागद दाबला जातो. त्यांतील एक रूळ सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. त्या उष्णतेने पूड वितळते आणि कागदाच्या धाग्यांत पक्की बसते. म्हणूनच लेझर प्रिंटरमधून आलेला कागद हाताला गरम लागतो. वितळून बसलेले प्लॅस्टिक पाण्याने पसरत नाही. पावसात कागद भिजेल, पण अक्षरे पसरणार नाहीत.

ही युक्ती ज्याने शोधली, तो माणूसही कागदपत्रांच्या कामाने त्रासलेला होता. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामाशी संबंधित नोकरी करीत असत. एकाच कागदाच्या अनेक प्रती हाताने किंवा टंकलेखनाने तयार कराव्या लागत. हे काम सोपे करता येईल का, असा विचार ते करू लागले. 22 ऑक्टोबर 1938 रोजी त्यांनी व त्यांचे मदतनीस ओटो कोर्नाय यांनी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया या भागातील एका लहानशा खोलीत प्रयोग केला. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी त्यांनी कापडाने घासली, काचेवर लिहिलेली अक्षरे तिच्यावर ठेवली, प्रकाश पाडला आणि वरून बारीक पूड टाकली. पट्टीवर अक्षरे उमटली. ती त्यांनी मेणकागदावर उतरवून घेतली. त्या कागदावर त्या दिवसाची तारीख आणि ठिकाणाचे नाव होते. कोरडी पूड आणि वीज यांनी काढलेली ही पहिली प्रत होती. पुढे 1959 मध्ये झेरॉक्स कंपनीचे प्रत काढणारे यंत्र बाजारात आले. ते इतके लोकप्रिय झाले, की आज बारामतीत किंवा इंदापुरात तहसील कचेरीबाहेर कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर प्रत काढली, तरी आपण तिला 'झेरॉक्स'च म्हणतो.

त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याला वाटले, की प्रत काढण्यासाठी मूळ कागदच कशाला हवा? संगणकाने लेझर किरणाच्या साहाय्याने थेट ड्रमवर लिहिले तर? त्यांच्या वरिष्ठांना ही कल्पना पसंत पडली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि 1971 मध्ये पहिला लेझर प्रिंटर चालवून दाखवला. सुरुवातीचे लेझर प्रिंटर फार मोठे आणि महाग होते. 1984 मध्ये एचपी कंपनीने टेबलावर मावणारा लेझर प्रिंटर आणला. तो मिनिटाला आठ पाने छापी. आजचा साधा प्रिंटरही मिनिटाला वीस किंवा त्याहून अधिक पाने छापतो.

आता निवडीकडे वळू. वही हातात घेऊन मी एके दिवशी इंदापूरहून एसटीने बारामतीला निघालो. निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर अशी गावे मागे पडत होती. मी मनात प्रश्न जुळवत होतो. शाळेच्या खरेदीसाठी तीन दुकानांची कोटेशने घ्यायची होती.

पहिल्या दुकानात मी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर उर्दूत आणि मराठीत बारीक अक्षरांत काही ओळी होत्या. मी म्हणालो, "भाऊ, ही ओळख ठेवलेली फाइल आहे. दाखवायला ठेवलेल्या प्रिंटरवर एवढे पान छापून दाखवता का?"

दुकानदार हसून म्हणाले, "सर, सगळे जण किंमत विचारतात. तुम्ही पहिल्यांदा अक्षर विचारताय!"

मला अक्षर विचारावेच लागणार होते. उर्दूत 'दुआ' आणि 'दगा' हे शब्द लिहून पाहा. ऐनवर एक नुक्ता पडला, की तो गैन होतो आणि दुआचा दगा होतो. मराठीतही तसेच आहे. 'चिता' या शब्दावर एक टिंब दिले, की 'चिंता' होते. एक टिंब उडाले किंवा नको तिथे उमटले, तरी अर्थ बदलतो. प्रश्नपत्रिकेत असे झाले, तर विद्यार्थ्याचे नुकसान होते.

पूर्वी उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी 'नूरी नस्तालिक' ही अक्षरमाला तयार केल्यावर संगणकावर नस्तालिक लिपी सुंदर उमटू लागली. पण या लिपीत काही रेषा केसासारख्या बारीक असतात आणि नुक्ते जवळजवळ येतात. म्हणून छपाई बारीक हवी. प्रिंटर एका इंचात किती टिंबे देऊ शकतो, हे खोक्यावर 'डीपीआय' या अक्षरांपुढे लिहिलेले असते. 1984 च्या त्या प्रिंटरची क्षमता इंचाला 300 टिंबे होती. आता 600 टिंबांचा प्रिंटर सहज मिळतो. इंचाला 600 म्हणजे एका चौरस इंचात 3,60,000 टिंबांची जागा. शाळेच्या कामाला हे पुरते. मात्र टोनर वाचवण्यासाठी फिकट छापण्याची सोय असते, तिचा उपयोग कच्च्या कामासाठीच करावा. दाखल्याचे आणि प्रश्नपत्रिकेचे पान पूर्ण काळेच छापावे.

नंतर मी दुसरा प्रश्न विचारला, "याचे टोनर केवढ्याला आणि ते किती पाने छापते?" या प्रश्नाचे उत्तर तिन्ही दुकानांत वेगवेगळ्या प्रिंटरसाठी वेगवेगळे मिळाले. मी सर्व आकडे लिहून घेतले. आपणही असाच एक हिशेब करू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. ड्रमचा खर्च टोनरमध्येच आहे, असे मानू. कागदाचा खर्च दोन्हींकडे सारखाच असल्याने तो सोडून देऊ.

पहिला प्रिंटर 12,000 रुपयांचा आहे. त्याचे टोनर 1,800 रुपयांना मिळते आणि 1,500 पाने छापते. म्हणजे एका पानाला 1 रुपया 20 पैसे पडतात.

दुसरा प्रिंटर 18,000 रुपयांचा आहे. त्याचे टोनर 2,100 रुपयांना मिळते आणि 3,000 पाने छापते. म्हणजे एका पानाला 70 पैसे पडतात.

आमची शाळा महिन्याला 1,000 पाने छापते. तीन वर्षांची पाने झाली 36,000. पहिल्या प्रिंटरला 24 टोनर लागतील. त्यांचे 43,200 रुपये आणि यंत्राचे 12,000 रुपये मिळून 55,200 रुपये होतात. दुसऱ्या प्रिंटरला 12 टोनर लागतील. त्यांचे 25,200 रुपये आणि यंत्राचे 18,000 रुपये मिळून 43,200 रुपये होतात. म्हणजे दुकानात 6,000 रुपयांनी महाग वाटणारा प्रिंटर तीन वर्षांत शाळेचे 12,000 रुपये वाचवतो.

म्हणून महाग प्रिंटर नेहमी चांगला, असे मात्र समजू नका. एखाद्या घरी महिन्याला 50 पाने छापली जातात असे धरा. तीन वर्षांत 1,800 पाने होतील. पहिल्या प्रिंटरचा एकूण खर्च 14,160 रुपये येईल आणि दुसऱ्याचा 19,260 रुपये. इथे पहिलाच प्रिंटर योग्य आहे. दोन्ही खर्च कधी सारखे होतात? किमतीतील फरक 6,000 रुपये आहे आणि एका पानामागे 50 पैसे वाचतात. म्हणजे 12,000 पानांनंतर दोन्ही खर्च सारखे होतात. त्याहून कमी पाने छापायची असतील तर पहिला घ्यावा, अधिक छापायची असतील तर दुसरा.

आणि ज्या घरी महिन्याला चार-पाच पानेच लागतात, त्यांनी काय करावे? त्यांनी प्रिंटर घेऊच नये. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एका पानाला पाच रुपये दिले, तरी वर्षाचे तीनशे रुपयांहून जास्त होत नाहीत. गरज नसताना घेतलेली वस्तू कितीही स्वस्त असली, तरी महागच असते.

खोक्यावरचे आकडे वाचताना थोडी काळजी घ्यावी लागते. टोनर किती पाने छापते, हे आयएसओ 19752 या आंतरराष्ट्रीय पद्धतीने मोजतात. त्यात पानाचा साधारण पाच टक्के भाग काळा धरलेला असतो. साध्या पत्राला एवढीच पूड लागते. पण प्रश्नपत्रिकेत आकृत्या आणि तक्ते असले, तर पूड अधिक लागते आणि पाने कमी निघतात. शिवाय नव्या प्रिंटरसोबत येणारे टोनर अनेकदा पूर्ण भरलेले नसते. त्यातून किती पाने निघतील, हे वेगळे विचारावे. काही प्रिंटरमध्ये ड्रम आणि टोनर एकत्र असतात, तर काहींमध्ये वेगवेगळे. वेगळा ड्रम काही हजार पानांनंतर बदलावा लागतो. त्याची किंमतही हिशेबात धरावी.

खोक्यावर महिन्याला छापता येणाऱ्या जास्तीत जास्त पानांचा मोठा आकडाही असतो. तो यंत्राच्या ताकदीची शेवटची मर्यादा सांगतो. बैलगाडी एखाद्या दिवशी जास्त ऊस ओढील, पण रोज तेवढाच भरला तर बैल थकतील. यंत्राचेही तसेच आहे. कंपनी रोजच्या वापरासाठी जो लहान आकडा सुचवते, तो पाहावा.

आणखी काही गोष्टी कामानुसार ठरतात. कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारा प्रिंटर कागद वाचवतो. 36,000 पाने एकाच बाजूला छापली तर 500 कागदांची 72 रिमे लागतात. दोन्ही बाजूंना छापली तर 36 रिमे पुरतात. सातबारा आणि दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रात माणसे रांगेत उभी असतात. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागल्यावर असे उतारे छापून घेणारेही येऊ लागले. अशा ठिकाणी जलद प्रिंटर आणि कागदाचा मोठा ट्रे हवा. घरी वेग कमी असला तरी चालतो. ज्यांना मूळ कागदाच्या प्रती काढायच्या आहेत किंवा कागद संगणकात घ्यायचे आहेत, त्यांनी स्कॅनर जोडलेला प्रिंटर घ्यावा. बाकीच्यांनी त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. टोनर जवळ मिळते का आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण येतो, हे विचारावे. टोनरसाठी पुण्याला जावे लागत असेल, तर परीक्षेच्या आदल्या दिवशी फार अडचण होते.

प्रिंटर घेऊन झाला, म्हणजे काम संपत नाही. त्याची निगाही राखावी लागते. छपाई सुरू होताना आतला रूळ तापतो आणि प्रिंटर एकदम पुष्कळ वीज ओढतो. दिवा क्षणभर मंद होतो, तो यामुळेच. म्हणून लेझर प्रिंटर संगणकाच्या लहान यूपीएसला जोडू नये. त्याची पिन भिंतीवरच्या चांगल्या प्लगमध्येच लावावी.

कागदाकडेही लक्ष द्यावे. आपल्याच इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कागदाचा मोठा कारखाना आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. कागद अनेक प्रकारचे असतात. चकचकीत लेप दिलेला कागद चित्रांच्या छपाईला शोभतो, पण लेझर प्रिंटरच्या तापलेल्या रुळावर काही कागदांचा लेप वितळून चिकटतो. ज्याच्या वेष्टनावर लेझरसाठी चालेल असे लिहिलेले नाही, असा चकचकीत कागद प्रिंटरमध्ये घालू नये. रोजच्या कामाला 70 ते 80 ग्रॅम वजनाचा साधा कॉपिअर कागद उत्तम. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नये. ओलसर कागद वाकतो आणि यंत्रात अडकतो.

आपल्याकडे धूळ फार. काम झाल्यावर यंत्र थंड होऊ द्यावे आणि मग त्यावर कापड झाकावे. टोनरची पूड सांडली तर तिच्यावर फुंकर मारू नये, ती नाकातोंडात जाते. कोरड्या किंवा थंड पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने ती हलकेच पुसावी. कपड्यावर पडली तर गरम पाणी वापरू नये, कारण उष्णतेने पूड वितळून डाग पक्का होतो. रिकामे टोनर कचऱ्यात टाकू नये. ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

तिन्ही दुकानांची कोटेशने घेऊन मी शाळेत परतलो. मुख्याध्यापिका, लिपिक साहेब आणि मी हिशेबाला बसलो. सर्वांत स्वस्त यंत्र आमच्या हिशेबात शेवटी आले. आम्ही मधल्या किमतीचा प्रिंटर पसंत केला. तो दोन्ही बाजूंना छापतो आणि त्याचे पान सर्वांत कमी पैशांत पडते.

पुढच्या वर्षी पुन्हा मे महिन्याची सुट्टी आली आणि गेली. जूनमध्ये कार्यालय उघडले. लिपिक साहेबांनी प्रिंटरवरचे कापड काढले, धूळ झटकली आणि बटण दाबले. थोड्याच वेळात पहिला दाखला बाहेर आला. मी बोट ओले करून जन्मतारखेच्या आकड्यावर फिरवले. आकडा जसाच्या तसा राहिला.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान काढील, कोणी कार्यालयात बसेल, कोणी शेतीसाठी पंप घेईल. कोणतीही वस्तू घेताना आधी वही काढा. माझी गरज किती, ही वस्तू रोज किती खर्च मागणार आणि ती बिघडली तर नुकसान कोणाचे होणार, हे लिहा. किंमत त्यानंतर विचारा.

शब्दार्थ

दाखला – सनद, सर्टिफिकेट
खटपट – कोशिश, धडपड
नळकांडे – पोकळ नळीसारखी वस्तू
पूड – सफूफ, भुकटी
काजळी – दिव्यावर जमणारा काळा थर, कालिख
युक्ती – तरकीब
वरिष्ठ – वरच्या पदावरील अधिकारी
मर्यादा – हद
निगा – देखभाल
वेष्टन – वरचे आवरण, लिफाफा

स्वाध्याय

प्रश्न 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शाळेचा जुना प्रिंटर सुट्टीनंतर नीट का छापत नव्हता?
(आ) टोनर म्हणजे काय?
(इ) चेस्टर कार्लसन यांचा प्रयोग कोणत्या तारखेला यशस्वी झाला?
(ई) लेझर प्रिंटर लहान यूपीएसला का जोडू नये?

प्रश्न 2. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेझर प्रिंटरने छापलेली अक्षरे पाण्याने का पसरत नाहीत?
(आ) उर्दू मजकुरासाठी बारीक व स्पष्ट छपाई का हवी?
(इ) 'दोष पावसाचाही नव्हता,' असे लेखक का म्हणतात?

प्रश्न 3. हिशेब करा.
एक दुकानदार महिन्याला 400 पाने छापतो. पाठातील दोन प्रिंटरपैकी कोणता प्रिंटर त्याला तीन वर्षांत स्वस्त पडेल?

प्रश्न 4. एका टिंबाने अर्थ बदलणारे मराठीतील दोन आणि उर्दूतील दोन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : आपल्या शाळेत किंवा जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एका आठवड्यात किती पाने छापली जातात, याची विचारपूस करून नोंद ठेवा.